छप्पर बदललं, रस्ता तोच राहिला: ओकलंड-बर्कलेच्या टेकड्यांचं प्रकरण

कॅलिफोर्नियात आगीपासून बचावाचे नियम राज्य ठरवतं. दर तीन वर्षांनी त्यांची नवी आवृत्ती निघते आणि ती गावोगाव लागू होते. एखाद्या शहराला याहून कडक नियम हवा असेल तर तशी मुभा आहे, पण एका अटीवर. नगरपरिषदेने ठरावात लेखी सांगायचं की आमच्याकडचं हवामान, भूगर्भ किंवा भूरचना अमुक प्रकारची आहे, म्हणून हा बदल गरजेचा आहे. कारणांचा हा कागद राज्याच्या बांधकाम मानक आयोगाकडे दाखल झाल्याशिवाय बदल अमलात येत नाही. तीन वर्षांनी नवी आवृत्ती आली की कारणं पुन्हा मांडायची, ठराव पुन्हा करायचा. कारण म्हणून चालतात त्या या तीनच गोष्टी. 'लोकांची मागणी आहे' किंवा 'शेजारच्या गावाने केलंय' हे चालत नाही.

असे कागद वाचायला बसलं की थोड्याच वेळात कंटाळा येतो. उन्हाळा कोरडा असतो, जवळून भ्रंशरेषा (जमीन सरकून भूकंप होतो ती भेग) जाते, भाग डोंगराळ आहे. गावाचं नाव बदलून तोच परिच्छेद पुढच्या गावाला चिकटवावा, इतके ते एकसारखे. पण सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, ओकलंड आणि बर्कले या शहरांच्या डोक्यावर ज्या टेकड्या आहेत, तिथे या तिन्ही शब्दांची किंमत माणसांनी मोजली आहे. नियम जागेप्रमाणे बेतायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि ते कुठवर जमतं, हे या एका प्रकरणात चांगलं दिसतं.

जागा

उपसागराच्या काठाने सपाट शहर, मग एकदम चढ. ग्रिझली पीकची उंची साधारण ५३५ मीटर. चढाच्या पायथ्याशी हेवर्ड भ्रंशरेषा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे प्लॉट पडले तेव्हा रस्ते डोंगराच्या अंगाने वळवत नेले, कारण सरळ नेणं शक्यच नव्हतं. मधल्या उतारावर पायऱ्यांच्या वाटा काढल्या. लोक ट्रामने यायचे आणि पायऱ्या चढून घरी जायचे. समोर उपसागर, मागे झाडी. छपराला लाकडी फळकुटं, ज्यांना तिकडे शिंगल म्हणतात. दिसायला सुरेख.

झाडीतली बरीचशी नीलगिरी. फ्रँक हेवन्स नावाच्या जमीन-व्यावसायिकाने १९१० नंतरच्या काही वर्षांत ती हजारोंनी लावली. झटपट वाढेल, इमारती लाकूड मिळेल, असा हिशेब होता. कोवळ्या नीलगिरीचं लाकूड वाळताना पीळ खातं आणि तडकतं हे कळेपर्यंत डोंगर भरून गेला होता. उटीच्या डोंगरांवर इंग्रजांनी लावलेली जात हीच. खाली सालीच्या पट्ट्या आणि पानांचा थर साचतो, दोन्हींत तेल. कडाक्याची थंडी पडली की झाड वरून मरतं आणि सगळा सुका माल अंगावर घेऊन उभं राहतं. डिसेंबर १९९० मध्ये अशीच थंडी पडली.

वारा उलटा फिरतो तेव्हा

मुंबईकरांना ऑक्टोबर हीट वेगळी सांगायला नको. पाऊस मागे फिरतो, वारा जमिनीकडून येऊ लागतो, समुद्रावरची झुळूक उशिरापर्यंत आत शिरत नाही आणि अंगाची लाही होते. ओकलंड-बर्कलेचंही तसंच, फक्त त्याआधी पाच-सहा महिने थेंबही पडलेला नसतो. उन्हाळाभर उपसागरावरून गार, धुक्याळ वारा येत असतो, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. शरद ऋतूत काही दिवस वारा पूर्वेकडून, माउंट डायब्लोच्या बाजूने सुटतो. कड्यावरून खाली उतरणारी हवा दाबली जाते, दर किलोमीटर उतारामागे साधारण दहा अंशांनी तापते, आणि तापेल तसतशी कोरडी होत जाते. हाच डायब्लो वारा.

त्याचा आगीच्या दृष्टीने एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. एरवी आग उतारावर लागली की वर पळते, आणि सगळीकडची अग्निशमन दलं हेच गृहीत धरून आखणी करतात. डायब्लो वाऱ्यात ती कड्यावरून खाली, शहराच्या दिशेने येते. म्हणजे इथे आगीची तोंडाची बाजू वर्षातल्या ठरावीक दिवसांत बदलते, आणि ते दिवस नेमके सगळ्यात कोरडे असतात.

१७ सप्टेंबर १९२३ रोजी हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात घडलं. वाइल्डकॅट कॅन्यनमधून आलेली आग कडा ओलांडून उत्तर बर्कलेत उतरली आणि दुपारच्या काही तासांत जवळपास सहाशे इमारती घेऊन गेली. जीवितहानी झाली नाही. विद्यापीठाच्या कुंपणाशी येऊन ती थांबली ती मुख्यतः वारा पडून पुन्हा समुद्राकडून वाहू लागला म्हणून. छपरांची पेटलेली फळकुटं उडत जाऊन पुढची छपरं पेटवत होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. नगरपरिषदेने लाकडी शिंगलच्या छपरांना बंदी घालणारा नियम केला. शिंगलवाल्यांनी जोर लावला आणि अमलात येण्याआधीच तो रद्द झाला.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय हाच. पुढची अडुसष्ट वर्षं त्याच डोंगरावर तशीच छपरं चढत राहिली. १९७० च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा डायब्लो वारा, पुन्हा तोच परिसर, सदतीस घरं जळाली. तेव्हाही काही दिवस चर्चा झाली.

२० ऑक्टोबर १९९१

शनिवारी, १९ तारखेला, कॅल्डेकॉट बोगद्याच्या वरच्या घळीत गवताला आग लागली. बंब आले, आग विझवली, रात्री नळ्या तिथेच अंथरून ठेवल्या. रविवारी सकाळी जवान धुमसती जागा उकरून ओली करत असताना अकराच्या सुमारास वारा सुटला. ठिणगी ओल्या केलेल्या पट्ट्याबाहेर पडली. दुष्काळाचं पाचवं वर्ष, थंडीने मेलेली झाडं, आणि झोत ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. पहिल्या तासात ७९० इमारती पेटल्या. आगीने आठ पदरी चोवीस नंबरचा महामार्ग ओलांडला, तेरा नंबरचा ओलांडला, टेमेस्कल तलावालाही वळसा घालून ती पलीकडे गेली. रविवारी संध्याकाळी वारा पडला तेव्हा तिचा जोर ओसरला. एकूण सुमारे १,५२० एकर, तीन हजारांहून जास्त घरं, पंचवीस मृत्यू, अंदाजे दीड अब्ज डॉलरचं नुकसान. मृतांत अग्निशमन दलाचे बटालियन चीफ जेम्स रायली आणि पोलिस अधिकारी जॉन ग्रुबेन्स्की होते. ग्रुबेन्स्की चॅरिंग क्रॉस रोडवर लोकांना बाहेर काढत होते. तो रस्ता इतका अरुंद की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला मागे जावं लागतं. धुरात एक गाडी अडकली की तिच्या मागची सगळी रांग अडकली.

पाण्याची गोष्ट वेगळीच. डोंगरावर पाणी टप्प्याटप्प्याने चढतं: खालच्या टाकीतून पंपाने वरच्या टाकीत, तिथून आणखी वर. आगीत विजेच्या तारा पडल्या, पंप बंद पडले, वरच्या टाक्या रिकाम्या होत गेल्या. जळून कोसळलेल्या प्रत्येक घराचा नळ तुटून उघडाच राहिला आणि तिथून पाणी वाहत सुटलं. निघून जाताना लोकांनी छपरावर आणि बागेत पाणी चालू ठेवलं होतं, तेही त्यातच. असं पाणी वाया जात असताना बंबवाल्यांना हायड्रंटमधून, म्हणजे रस्त्यावरच्या बंबाच्या नळातून, हवा ऐकू येत होती. घळींमुळे रेडिओचे संदेशही तुटत होते.

आणि कपलिंग, म्हणजे नळीची जोडणी. आजूबाजूच्या गावांतून शेकडो बंब मदतीला आले. त्यांच्या नळ्यांची तोंडं प्रमाणित अडीच इंची. ओकलंडचे हायड्रंट तीन इंची. जोडणीचे अडॅप्टर पुरेसे नव्हते. हा काही नवा शोध नव्हता. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर जळत असताना वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फियाहून आलेल्या पथकांच्या नळ्या तिथल्या हायड्रंटना बसल्या नव्हत्या, आणि त्यातूनच अमेरिकेत नळीच्या आट्यांचं प्रमाण ठरलं होतं. ओकलंडने आपलं माप ठेवलं. तीन इंची तोंडाला डोंगराशी, वाऱ्याशी, भूकंपाशी काहीही देणंघेणं नव्हतं. जुनी सवय होती, एवढंच. आगीनंतर ती बदलली.

स्थानिक नियमाची बाजू घेणारा मी असलो तरी इथे मला राज्याची ती तीन कारणांची अट पटते. वारा आणि उतार आपापल्या गावचे असतात, पण मदतीला येणारा बंब शेजारच्या गावचा असतो. जिथे त्याची नळी जोडायची आहे तिथे वेगळेपणाचा हट्ट नको.

हवामान: छपरापासून भिंतीपर्यंत

आगीनंतर सगळ्यात आधी आणि सगळ्यात पक्कं काही झालं असेल तर ते छपराचं. स्थानिक आमदार टॉम बेट्स यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १९९२ मध्ये आला. शहरांच्या हद्दीतले अतिधोक्याचे पट्टे राज्याने आखायचे, त्यात आगीला दाद न देणारी छपरं आणि घराभोवती मोकळी जागा बंधनकारक. शहरांना त्यातून अंग काढून घ्यायला सुरुवातीला वाव होता आणि पुष्कळांनी तो घेतला, कारण नकाशावर लाल रंग आला की घराची किंमत आणि विमा दोन्ही हलतात. ओकलंड आणि बर्कले यांनी मात्र स्वतःहून पुढे जाऊन टेकड्यांचे आगीचे झोन आखले.

२००८ पासून धोक्याच्या पट्ट्यांतल्या नव्या घरांना राज्याच्या बांधकाम नियमांतला वेगळा अध्याय लागू झाला: छप्पर, भिंतीचं बाहेरचं अंग, छज्जा, डेक, खिडकीची काच, आणि पोटमाळ्याच्या झरोक्याची जाळी. या जाळीचं बघा. साधा झरोका, हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेला. वाऱ्याबरोबर आलेला निखारा त्यातून आत जातो, पोटमाळ्यातल्या जुन्या कागदांवर पडतो आणि घर आतून पेटतं. बाहेर बागेत झाडं हिरवी आणि मधलं घर भस्म, असे फोटो त्यामुळेच दिसतात. म्हणून जाळीची भोकं एक अष्टमांश इंचापेक्षा मोठी नकोत. त्याहून बारीक केली की धूळ आणि रंग बसून ती बंद होतात, पोटमाळा कुबट होतो. नियम स्थानिक वाऱ्याला कसा बेतायचा याचं इतकं नेमकं उदाहरण दुसरं क्वचित सापडेल.

आता भर भिंतीपासून पहिल्या पाच फुटांवर आहे. तिथे जळण्यासारखं काही नको: झुडूप नको, लाकडी कुंपण भिंतीला चिकटलेलं नको, पायपुसणंसुद्धा काथ्याचं नको असं म्हणण्यापर्यंत मजल गेली आहे. राज्याने २०२० मध्ये यासाठी कायदा केला, नियमावली रखडली. जानेवारी २०२५ च्या लॉस एंजेलिसच्या आगींनंतर राज्यपालांनी तिला धक्का दिला, आणि बर्कलेने राज्याची वाट न पाहता टेकडीवरच्या आपल्या सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यात ती लागू करायचं त्याच वर्षी ठरवलं. विरोध झाला. वर्षानुवर्षं वाढवलेला गुलाब भिंतीपासून उपटायला कोणाला आवडेल?

भूगर्भ: पाणी येईल हे कशावरून

हेवर्ड भ्रंशरेषेवर शेवटचा मोठा भूकंप २१ ऑक्टोबर १८६८ चा. लोमा प्रिएटाचा भूकंप १७ ऑक्टोबर १९८९ चा, टेकड्यांवरची आग २० ऑक्टोबर १९९१ ची. ऑक्टोबरचं या भागाशी काय वाकडं आहे कोण जाणे. १८६८ सारखे भूकंप हेवर्ड रेषेवर सरासरी दीडशे वर्षांच्या आत-बाहेर होत आले आहेत, आणि १८६८ ला आता दीडशेहून जास्त वर्षं झाली.

रेषा एकीकडे हळूहळू सरकतही असते, वर्षाला काही मिलिमीटर. बर्कले विद्यापीठाचं स्टेडियम, जे योगायोगाने त्या आगीच्याच वर्षी, १९२३ मध्ये उघडलं, बरोबर तिच्यावर आहे. त्याच्या भिंतीतले सांधे वर्षानुवर्षं फाकत गेले आणि शेवटी रेषेवरचा भाग वेगळा करून नव्याने बांधावा लागला. जे भिंतीचं तेच जमिनीखालच्या पाइपचं.

अग्निनियमात भूगर्भाचा संबंध हा असा येतो. भूकंप एकाच वेळी गॅसच्या नळ्या तोडून आगी लावतो, पाण्याच्या नळ्या तोडून विझवणं अवघड करतो, आणि दरड पाडून रस्ता बंद करतो. सॅन फ्रान्सिस्को १९०६ मध्ये तीन दिवस जळालं ते त्यामुळेच. १९८९ च्या भूकंपात त्याच शहराच्या मरीना भागात मुख्य नळ फुटले आणि फिनिक्स नावाच्या अग्निनौकेने उपसागराचं पाणी उपसलं म्हणून निभावलं. अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेने हेवर्डवरच्या सात रिश्टरच्या काल्पनिक भूकंपाचा जो अभ्यास मांडला, त्यात चारशेहून जास्त आगी धरल्या आहेत. अशा वेळी प्रत्येक घराला स्वतंत्र बंब येणार नाही, हे गणित साधं आहे.

यातलं मोठं काम नियमाने केलं नाही, पाणीपुरवठा संस्थेने केलं. टेकड्यांखालून येणारा क्लेअरमाँट बोगदा भ्रंशरेषा ओलांडतो. तिथे रेषा काही फूट सरकली तरी पाणी चालू राहावं म्हणून वेगळा वळणबोगदा खणला. २००७ मध्ये तो पुरा झाला. टाक्या, पंपघरं, फिरते पंप यांवरही काम झालं. कारणांच्या कागदावर 'भ्रंशरेषा' असं एक शब्दात लिहिलेलं असतं, त्याचं खरं उत्तर अग्निनियमाच्या पुस्तकात सापडत नाही, पाण्याच्या बिलात सापडतं.

भूरचना: वीस फूट

राज्याच्या अग्निनियमात बंब जायच्या रस्त्याला किमान वीस फूट मोकळी रुंदी लागते, वर तेरा फूट सहा इंच उंची मोकळी. इमारतीचा कोणताही बाहेरचा भाग त्या रस्त्यापासून नळीच्या अंतराने दीडशे फुटांच्या आत हवा. टेकड्यांवरचे पुष्कळ रस्ते वीस फूट नाहीत, आणि जे आहेत त्यांच्या कडेला गाड्या उभ्या असतात. बर्कलेतल्या पॅनोरॅमिक हिलला तर जायला-यायला एकच चिंचोळी वळणावळणाची वाट आहे, आणि तीही भ्रंशरेषेजवळून चढते.

त्याच नियमात पुढे एक सवलत आहे. चढ, ओढा, अवघड उतार यांमुळे रस्ता करता येत नसेल तर अग्निशमन अधिकारी दुसरा उपाय मान्य करू शकतो. हा दुसरा उपाय बहुतेक वेळा घरातले स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ. म्हणजे गंमत अशी, की नगरपरिषदेच्या ठरावात भूरचना हे नियम कडक करण्याचं कारण असतं, आणि नियमाच्या पोटात तीच भूरचना नियम सैल करण्याचंही कारण असते. स्प्रिंकलर चांगलेच आहेत. कॅलिफोर्नियात २०११ पासून नव्या घरांना ते साधारणपणे सक्तीचे आहेत. स्वयंपाकघरातली आग ते बंब पोहोचेपर्यंत रोखून धरतात. पण डायब्लो वाऱ्याच्या दिवशी अडचण बंब वर येण्याइतकीच माणसं खाली उतरण्याची असते, आणि त्यावर स्प्रिंकलरचा काडीचा उपयोग नाही.

१९९१ नंतर अख्खा डोंगर मोकळा झाला होता. रस्ते रुंद करायची अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. तरीही नवी घरं मुख्यतः जुन्याच रस्त्यांवर उभी राहिली, आणि बरीचशी आधीपेक्षा मोठी. दोष कोणा एकाला देता येत नाही. प्लॉट लहान, त्यातले चार फूट रस्त्याला द्यायचे तर घर उताराच्या काठावर जाणार. विम्याचा पैसा घरासाठी, रस्त्यासाठी कोणाचाच नाही. लोक तात्पुरत्या भाड्याच्या घरांत राहत होते, त्यांना लवकर परतायचं होतं. छपराचा खर्च घरमालक करतो. रस्त्यासाठी नगरपालिकेला जमीन संपादन करावी लागते, आणि तिथे नियम लंगडा पडतो.

म्हणून भूरचनेला मिळालेली उत्तरं फुटकळ आणि खटपटीची आहेत. काही रस्त्यांवर एका बाजूला गाड्या लावायला बंदी. लाल झेंड्याच्या दिवशी, म्हणजे हवामान खात्याने अतिधोक्याचा इशारा दिला की, काही भागांत गस्त आणि पार्किंगवर कारवाई. घरामागे जोडघर बांधायला टेकडीवर आडकाठी. यावर राज्याच्या गृहनिर्माण धोरणाशी खटका उडतो, कारण राज्याला घरं वाढवायची आहेत. बर्कलेत शंभराहून अधिक सार्वजनिक पायवाटा आणि पायऱ्या अजून आहेत, त्यातल्या कित्येक स्वयंसेवकांनी झुडपांतून पुन्हा शोधून काढल्या. ट्रामसाठी काढलेल्या या वाटा आज सुटकेच्या नकाशावर आहेत. म्हाताऱ्या माणसांनी त्या धुरात उतरायच्या का, हा प्रश्न वेगळा.

झाडी छाटायला आणि तपासणीला पैसा कुठून येतो हे थोडक्यात सांगायचं तर: ओकलंडने टेकडीवरच्या घरांवर वर्षाला पासष्ट डॉलरची पट्टी बसवली होती. २०१३ मध्ये ती चालू ठेवायला दोन-तृतीयांश मतं हवी होती, थोडक्यात हुकली. २०२४ मध्ये मतदारांनी नवी पट्टी मंजूर केली. मधली दशकभर कामं इकडून तिकडून पैसा आणून चालली.

बे एरियात, म्हणजे या उपसागराच्या परिसरात, घर घेणाऱ्या मराठी मंडळींच्या हातात खरेदीच्या वेळी नैसर्गिक धोक्यांचा एक कागद पडतो. त्यावर आगीचा झोन, भ्रंशरेषेचा झोन आणि दरडीचा झोन अशा चौकटी असतात. सही करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात तो लोक न वाचताच उलटतात. वाचावा. आणि कागदावर नसलेली एक गोष्ट स्वतः करावी: दारापासून खालच्या मोठ्या रस्त्यापर्यंत गाडीने उतरताना किती ठिकाणी समोरच्याला वाट द्यावी लागते ते मोजावं.

राज्याने २०२५ च्या उन्हाळ्यात नवा कायदा करून शहरांना निवासी बांधकामाचे आणखी कडक नियम करण्यापासून जून २०३१ पर्यंत बऱ्याच अंशी रोखलं आहे. कारण घरांच्या किमती. त्यात काही अपवाद ठेवले आहेत, आणि वणव्यापासून घर मजबूत करण्याचे नियम त्यांतला एक. म्हणजे पुढची काही वर्षंही ओकलंड आणि बर्कले छप्पर, भिंत, झरोका यांबद्दल हवं तेवढं कडक होऊ शकतील. आधीच असलेल्या रस्त्याची रुंदी मात्र नियमाच्या पुस्तकाने वाढत नाही. ती बजेटच्या बैठकीत आणि शेजाऱ्यांच्या भांडणात ठरते. कारणांच्या पुढच्या कागदात 'भाग डोंगराळ आहे' याऐवजी कोणत्या रस्त्याची कोणत्या वळणावर किती फूट रुंदी आहे आणि तिथून किती घरांना उतरायचं आहे, एवढं जरी लिहिलं गेलं, तरी त्या बैठकीत हातात धरायला काहीतरी असेल.